पाण्यावरची रेघ

महाराष्ट्राच्या नकाशावर नर्मदा शोधायची झाली, तर दृष्टी थेट वायव्येच्या टोकाला न्यावी लागते. अमरकंटकच्या डोंगरात उगम पावून तेराशे किलोमीटरचा प्रवास करणारी ही पुण्यसलिला महाराष्ट्राच्या वाट्याला येते ती जेमतेम ५४ किलोमीटर, आणि तीही सीमारेषा म्हणून. अलीकडचा काठ नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांचा. पलीकडचा काठ आधी मध्य प्रदेशचा आणि पुढे गुजरातचा. एके काळी खळाळत वाहणाऱ्या या नदीचे या टापूत आता जलाशयात रूपांतर झाले आहे. सरदार सरोवर धरणाचे दरवाजे बंद करण्यास २०१७ मध्ये अनुमती मिळाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. धरणाच्या भिंतीपासून मागे दोनशे किलोमीटरहून अधिक लांब पसरणाऱ्या या पाण्याच्या मधोमध तीन राज्यांच्या सीमा जातात. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, असे म्हणतात. शासनाने ती ओढली आहे, आणि त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे नियम मात्र निरनिराळे आहेत.

या पाण्यावर आजवर ज्या नौका चालल्या, त्या कोणाच्या हौसेच्या नव्हत्या. जलाशय वाढत गेला तसे डोंगरउतारावर मागे राहिलेले वनवासी पाडे एकमेकांपासून तुटले. पाऊलवाटा बुडाल्या, नाल्यांच्या खाड्या झाल्या, आणि शेजारच्या पाड्यावर जायलाही होडी लागू लागली. आरोग्य विभागाला येथे तरंगता दवाखाना चालवावा लागला, बोट ॲम्ब्युलन्स आणावी लागली. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका बालकांचा आणि गरोदर मातांचा पोषण आहार पोहोचवण्यासाठी स्वतः होडी वल्हवत पाड्यापाड्यांवर जात होती, ही बातमी साऱ्या देशाने कौतुकाने वाचली. कौतुक झाले, सत्कार झाले. तिच्या होडीला कोणता नियम लागू होतो आणि ती बुडाली असती तर उत्तरदायी कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

तो प्रश्न त्याआधीच विचारला जायला हवा होता. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या पर्वावर, अक्राणी तालुक्यातील भुषा येथे नर्मदास्नानासाठी आणि पूजेसाठी गेलेल्या भाविकांची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे होती. लहान मुलांसह अनेकांना जलसमाधी मिळाली. शासकीय प्रथेप्रमाणे शोक प्रकट झाला, साहाय्य घोषित झाले, चौकशीचे आदेश निघाले. वरातीमागून घोडे यायचे ते आले आणि निघूनही गेले.

आता त्याच पाण्यावर पर्यटनाच्या नौका येऊ घातल्या आहेत. स्टॅच्यू ऑफ युनिटीचे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकार्पण झाल्यानंतर केवडिया परिसराचे रूप पालटले. ३० ऑक्टोबर २०२० रोजी तेथे धरणाच्या खालच्या बाजूस ‘एकता क्रूझ’ सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी केवडिया आणि साबरमतीचा तीर यांच्यामध्ये सागरी विमान उडू लागले. ज्या तळ्यात ते उतरणार होते, तेथील मगरी आधीच पिंजऱ्यांत पकडून अन्यत्र हलवल्या गेल्या होत्या. विमानसेवा काही महिन्यांतच थांबली. जलाशयाच्या गुजरातकडील काठावर असलेल्या हाफेश्वर गावाला २०२४ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या स्पर्धेत वारसा गटात उत्कृष्ट पर्यटनग्रामाचा मान मिळाला. मध्य प्रदेशाने धार जिल्ह्यातील मेघनाद घाटापासून सरदार सरोवराकडे क्रूझ नेण्याची योजना मांडली. ही क्रूझ जेव्हा कधी चालेल, तेव्हा ती नंदुरबारच्या दारावरूनच जाईल, कारण दुसरी वाटच नाही.

पर्यटन वाढावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्याची जवळपास सत्तर टक्के लोकसंख्या वनवासी आहे, ज्याचे तरुण ऊसतोडीला आणि मजुरीला दरवर्षी गाव सोडतात, त्या जिल्ह्याला आपल्याच काठावर रोजगार मिळत असेल तर तो हवाच आहे. प्रश्न वेगळा आहे. हे पाणी कोट्यवधी लोकांच्या पिण्याचे आहे. त्यात कोणते इंजिन चालावे, नौकेवरचे सांडपाणी कोठे जावे, किती नौका असाव्यात, कोणत्या भागात त्यांनी जाऊच नये, हे कोणी ठरवायचे?

याचे उत्तर तीन राज्यांत तीन प्रकारचे आहे.

मध्य प्रदेशात ते न्यायाधिकरणाने दिले. भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाच्या काळातला. २००२ मध्ये त्याची रामसर स्थळांत गणना झाली. याच तलावात राज्याच्या पर्यटन महामंडळाची क्रूझ आणि यंत्रचलित नौका चालत होत्या. १२ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ येथील मध्य विभागीय पीठाने त्या थांबवण्याचा आदेश दिला, आणि तो केवळ त्या तलावापुरता न ठेवता नर्मदा आणि पिण्याच्या पाण्याच्या अन्य स्रोतांनाही लागू केला. येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. याच राज्याच्या विधानसभेने मे २०१७ मध्ये नर्मदेला जिवंत व्यक्तीचा दर्जा देण्याचा ठराव केला होता. ठराव शासनाचा, क्रूझही शासनाची, आणि ठरावाचा अर्थ शासनाला समजावून सांगावा लागला तो मात्र न्यायाधिकरणाने.

आता सीमेची गंमत पाहावी. भोपाळच्या पीठाची अधिकारकक्षा मध्य प्रदेशावर चालते. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये येतात पुण्यातील पश्चिम विभागीय पीठाकडे. म्हणजे जलसिंधीच्या काठावरून निघालेल्या यंत्रचलित नौकेवर जो निर्बंध आहे, तो समोरच्या डोमखेडीच्या पाण्यात पोहोचताच उरत नाही. पाणी तेच, इंजिन तेच, धूर तोच. मधल्या अदृश्य रेघेने गुन्ह्याचे रूपांतर सहलीत होते.

गुजरातचा मार्ग याच्या उलट आहे. तेथे शासनाने मनावर घेतले की काम तडीस जाते, हे कोणीही मान्य करील. पण तेथेही नियमाची आठवण दुर्घटनेनंतरच झाली. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत माणसे अधिक होती आणि लाईफ जॅकेट सर्वांना नव्हती. तलाव महापालिकेचा, चालवणारा ठेकेदार, आणि पाहणारा कोणीच नाही, असा तो कारभार होता.

महाराष्ट्राचे काय? महाराष्ट्रात नियम नाहीत असे नाही. नियम आहेत, परंतु ते नंदुरबारपर्यंत पोहोचत नाहीत. हे विधान कठोर वाटेल, म्हणून एकेक नियम तपासून पाहणे योग्य ठरेल.

जलकाठाच्या पर्यावरणासाठी या देशात सर्वांत परिचित असलेला नियम म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राचा. १९९१ मध्ये तो आला, २०११ आणि २०१९ मध्ये बदलला. तो समुद्राला आणि भरतीचे पाणी पोहोचते तेथपर्यंतच्या नद्यांना लागू आहे. नंदुरबारला समुद्र नाही. नद्यांसाठी महाराष्ट्राने स्वतःचे नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये केले होते, २००९ मध्ये ते सुधारले होते. नद्यांची वर्गवारी करून काठापासून किती अंतरावर काय चालेल हे ठरवणारे असे धोरण करण्यात हे राज्य अग्रेसर होते. उद्योगांना त्याचा जाच होतो आणि केंद्राचे प्रदूषणविषयक कायदे पुरेसे आहेत, या कारणास्तव फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. त्या धोरणात दोष होते, हे मान्य केले तरी दोष दुरुस्त करणे आणि धोरणच मोडीत काढणे यांत अंतर आहे. त्याच्या जागी नदीकाठाचा विचार करणारे दुसरे काही उभे राहिले नाही.

राहिले पाणथळ जागांचे नियम. २०१० चे नियम बदलून केंद्राने २०१७ मध्ये नवे नियम केले आणि अधिकार राज्यांच्या पाणथळ प्राधिकरणांकडे सोपवले. परंतु या नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र वगळले आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी वा मनोरंजनासाठी बांधलेले जलसाठेही वगळले आहेत. नर्मदा नदी म्हणून वगळली गेली आणि सरदार सरोवर धरण म्हणून. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत जलक्रीडा ही स्वतंत्र बाब नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या या एका टोकावर समुद्राचा नियम पोहोचत नाही, नदीचा नियम रद्द झाला, पाणथळीचा नियम लागू होत नाही, आणि मूल्यांकनाच्या यादीत विषयच नाही. चार दारे, आणि चारही बाहेरून बंद!

उरतो नौकांचा कायदा. १९१७ चा ब्रिटिशकालीन अंतर्देशीय नौका कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. संसदेने २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा केला आणि जून २०२२ पासून तो अमलात येऊ लागला. हा कायदा चांगला आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. देशभरासाठी नोंदणीची एकच पद्धत, नौकेची नियतकालिक तपासणी, नावाड्यांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र, विमा, सांडपाणी व तेल पाण्यात सोडण्यास प्रतिबंध, आणि वल्ह्यांच्या वा यंत्रविरहित नौकांचा कारभार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची सोय, हे सारे त्यात आहे. त्याशिवाय २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग घोषित केले. त्यांत नर्मदा हा ७३ क्रमांकाचा आणि तापी हा १०० क्रमांकाचा जलमार्ग आहे. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात एक नव्हे, दोन राष्ट्रीय जलमार्ग आहेत. ज्या जिल्ह्यातील कित्येक पाड्यांना अजून धड रस्ता नाही, त्याला दोन राष्ट्रीय जलमार्गांचा मान कागदावर मिळालेला आहे.

या कायद्याची अंमलबजावणी करायची राज्याने. महाराष्ट्रात नौकांची तपासणी आणि नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाची सारी घडण बंदरे, खाड्या आणि कोकणपट्टी यांसाठी झालेली. मुंबईच्या कार्यालयातून सातपुड्याच्या कुशीतल्या होडीचे परीक्षण करायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखेच आहे. धडगावच्या नावाड्याने आपली होडी तपासून घ्यायची ठरवली तरी ती कोठे न्यावी? नोंदणी न करणे हा त्याचा अपराध म्हणायचा, की नोंदणीचे दार चारशे किलोमीटर दूर ठेवणे हा शासनाचा?

काठावरची भूमी वन विभागाची. तेथे धक्का बांधायचा तर वनसंवर्धन कायद्याची अनुमती हवी. पाणी आणि पातळी नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाच्या निर्णयांवर अवलंबून. मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, आरोग्याची बोट जिल्हा परिषदेकडे, पर्यटनाचा प्रस्ताव पर्यटन विभागाकडे, प्रदूषण मंडळाकडे, आणि दुर्घटना घडली की सारे जिल्हाधिकाऱ्यांकडे. इतक्या हातांत दोर असल्यावर नौका कोणत्या दिशेला जाणार?

या विस्कळीतपणाचा परिणाम दुहेरी होतो, आणि तो नेहमी दुर्बळाच्याच वाट्याला येतो. शासनाला हवे असते तेव्हा नियम चटकन वाकतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे उदाहरण ताजे आहे. सुरक्षेच्या कारणास्तव तेथे नौकानयनावर वर्षानुवर्षे कडक निर्बंध होते. जलाशयाभोवतीचा प्रदेश २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. तरीही शासनाने मनावर घेतले, निर्बंधांचे क्षेत्र आक्रसले आणि मार्च २०२४ मध्ये जावळी तालुक्यातील मुनावळे येथे जलपर्यटन केंद्राचे उद्घाटन झाले. स्थानिकांना त्यातून रोजगार मिळत असेल तर आनंदच आहे. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ मे २०२४ रोजी, उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान रोजच्या प्रवासाची बोट वादळात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. एकाच राज्यात, एकाच उन्हाळ्याच्या तोंडाशी, सहलीच्या नौकेसाठी धक्का, जाकीट आणि प्रशिक्षित चालक. आणि पोटासाठी पाणी ओलांडणाऱ्याच्या नौकेला काहीच नाही. नर्मदेच्या काठी हेच घडू द्यायचे काय?

पर्यावरणाची बाजूही तितकीच गंभीर आहे. स्वस्तातल्या होड्यांना लावली जाणारी जुन्या धाटणीची टू-स्ट्रोक इंजिने पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालतात. त्यांच्या रचनेमुळे इंधनाचा मोठा भाग, चतुर्थांशाच्या आसपास, न जळताच धुराबरोबर पाण्यात जातो. त्याचा तवंग पसरतो, माशांच्या अंड्यांवर बसतो. वेगाने जाणाऱ्या नौकेच्या लाटा जलाशयाच्या सैल, गाळाच्या काठाला धडकतात. सरदार सरोवराची पातळी १३८.६८ मीटरपासून ११० मीटरच्या घरापर्यंत खाली जाऊ शकते. म्हणजे उन्हाळ्यात उघडा पडणारा काठ अठ्ठावीस मीटर उंचीचा, चिखलाचा आणि घसरडा असतो. याच गाळपेरीत काही कुटुंबे पीक घेतात, याच उथळ पाण्यात मासे वाढतात. नर्मदेचा महासीर हा मासा मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्यमासा म्हणून गौरवला, तोवर तो या नदीतून दुर्मीळ होत चालला होता. मान द्यायचा आणि घर काढून घ्यायचे, ही आधुनिक रीत आहे. धरणाच्या पुनर्वसनासाठी तळोदा तालुक्यातील ४२०० हेक्टर वनक्षेत्र देण्यात आले. महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताखाली आली. या काठाने आधीच पुष्कळ दिले आहे. त्याच्याकडे आणखी मागताना हात आखडता असावा.

आणि येथे केवळ मासे व माती यांचाच विचार नाही. नर्मदा ही परिक्रमेची नदी आहे. परिक्रमावासी तिला ओलांडत नाही. तिला उजव्या हाती ठेवून मैलोन्मैल चालतो. शूलपाणीच्या झाडीतील त्याची जुनी वाट जलाशयाखाली गेली. मणिबेलीचे प्राचीन शूलपाणेश्वर मंदिर पाण्यात गेले आणि नवे मंदिर गुजरातेत गोऱ्याला उभे राहिले. तरीही डोंगरातल्या वाटा शोधत परिक्रमा चालूच आहे, आणि वाटेतल्या पाड्यांवर स्वतःच्या घरात पुरेसे धान्य नसणारा वनवासी त्या परिक्रमावासीला भाकरी देतो. ज्या पाण्याकडे पाहून माणसे हात जोडतात, त्या पाण्यावर ध्वनिक्षेपकांचा गोंगाट आणि रिकाम्या बाटल्यांचे तांडे तरंगू लागले, तर त्याला पर्यटन म्हणणे हा पर्यटनाचाच अपमान ठरेल.

विकास की पर्यावरण, असा वाद घालण्याची सवय परदेशी ग्रंथांतून येथे आली. या भूमीची दृष्टी निराळी आहे. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे. गाईचे दूध काढताना वासराचा वाटा ठेवणारी ही दृष्टी आहे. नंदुरबारच्या पाण्याला ती लावायची तर वासरू कोण, हे आधी ओळखले पाहिजे. ते वासरू म्हणजे काठावरचा वनवासी आणि पाण्यातला जीव.

जगात अशी व्यवस्था कोठे झालीच नाही असेही नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या मध्ये असलेल्या बोडनसे सरोवराचे पाणी लाखो लोक पितात. तेथे या तिन्ही देशांनी १९७६ पासून नौकानयनाचे समान नियम लागू केले आणि १९९० च्या दशकात नौकांच्या इंजिनांच्या धुरावरही मर्यादा घातल्या. अमेरिकेतील टाहो सरोवर कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांत विभागलेले आहे. तेथे १९६९ च्या आंतरराज्य करारातून एकच प्राधिकरण उभे राहिले आणि १९९९ पासून जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांवर बंदी आली. बव्हेरियातील क्योनिग्सेवर तर १९०९ पासून प्रवासी नौका विजेवर चालतात. परदेशाचे दाखले नको असतील तर घरचेही आहेत. केरळात वैकम येथे २०१७ च्या आरंभी ‘आदित्य’ ही सौर प्रवासी नौका सुरू झाली. २०२३ मध्ये कोचीत विजेवर चालणाऱ्या नौकांची जलमेट्रो आली. काशीत गंगेवरील शेकडो डिझेल होड्यांना २०२१ पासून सीएनजी इंजिने बसवण्याचे काम हाती घेतले गेले, आणि त्याचा भार गरीब नावाड्यावर टाकला गेला नाही. त्याच काशीत कासवांचे अभयारण्य २०२० मध्ये रद्द झाले, हेही विसरून चालणार नाही. घ्यायचे ते घ्यावे आणि टाळायचे ते टाळावे.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट तिन्ही राज्यांनी मिळून करायची आहे. नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्यातून १९८० मध्ये नर्मदा नियंत्रण प्राधिकरण निर्माण झाले. इंदूरला त्याचे मुख्यालय आहे, त्याचा पर्यावरण उपगट आहे. त्या व्यासपीठावर चारही संबंधित राज्ये आणि केंद्र एकत्र बसतात. निवाड्याच्या पाणीवाटपविषयक तरतुदींचा फेरविचार ४५ वर्षांनंतर करता येईल, असे निवाड्यातच म्हटले आहे. तो काळ डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडणाऱ्या राज्यांनी त्या पाण्याच्या पृष्ठभागावर काय चालावे, याचाही एक समान नियम करावा. इंजिन कोणते, वेग किती, सांडपाणी कोठे, कोणते भाग नौकांना वर्ज्य, हे सारे जलाशयाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच असावे.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राने एकट्याने करायची आहे आणि त्यासाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. सागरी मंडळाने नंदुरबार येथे अंतर्देशीय नौकांसाठी कार्यालय उघडावे, आणि परीक्षकाने वर्षातून दोनदा काठावर जाऊन होड्यांची तपासणी व नोंदणी करावी. होडीने कार्यालयात येण्याऐवजी कार्यालयाने होडीकडे जावे. जुनी इंजिने बदलण्यासाठी अनुदान द्यावे. नियम कडक आणि साहाय्य शून्य, असे झाले तर होड्या सुरक्षित होणार नाहीत, केवळ लपतील. आणि लपलेली होडी ही सर्वांत धोकादायक होडी असते.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची. हा काठ पाचव्या अनुसूचीतील. पंचायत विस्तार कायदा १९९६ चा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. काठावर धक्का, तंबूनगरी वा नौकाकेंद्र उभे राहण्यापूर्वी ग्रामसभेचे मत केवळ सहीपुरते घेतले जाऊ नये. विस्थापितांनी स्थापलेल्या मत्स्य सहकारी संस्थांना पर्यटन नौका चालवण्याचा पहिला हक्क मिळावा. ज्याने पाण्याखाली आपले शेत पाहिले, त्याच्याइतका त्या पाण्याचा जाणता दुसरा कोण? तोच नावाडी, तोच वाटाड्या, तोच रक्षक, अशी ही रचना झाली तर पर्यावरणाचे नियम पाळून घेण्यासाठी वेगळा पहारा ठेवावा लागणार नाही.

जिल्ह्यातील इतर पाण्यांनाही हाच विवेक लावता येईल. तोरणमाळच्या यशवंत तलावावर वल्ह्यांच्या नौकाच शोभतील. नैनितालच्या तलावात यंत्राच्या नौका नाहीत, म्हणून तेथील पर्यटन कमी झालेले नाही. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेजमुळे पाणी साठले आहे. दक्षिण काशी मानल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या घाटांसमोर आणि सारंगखेड्याच्या यात्रेच्या गर्दीत नौका चालणार असतील, तर त्यांची संख्या, क्षमता आणि इंधन आताच निश्चित व्हावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय पाण्याच्या बाबतीत तरी सोडावी.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हा अपेक्षा एवढीच होती की शासन काठापर्यंत पोहोचेल. नर्मदेच्या पाण्यावर पर्यटकांची पहिली मोठी नौका येईल, तेव्हा शासन तिच्याबरोबर येईल, यात शंका नाही. फीत कापायला मंत्री येतील, छायाचित्रे निघतील. कसोटी वेगळी आहे. मकरसंक्रांतीला भुषाच्या घाटावर स्नानाला निघालेल्या वनवासी कुटुंबाच्या होडीत प्रत्येक लेकरासाठी जाकीट असेल, नावाड्याकडे प्रमाणपत्र असेल, इंजिनातून तेलाचा तवंग पाण्यावर पसरत नसेल, आणि त्या होडीला समोरच्या काठावर जाताना नियम बदलावा लागणार नाही, त्या दिवशी शासन खऱ्या अर्थाने काठावर पोहोचले असे म्हणता येईल. तोवर नंदुरबारच्या जलाशयावरचे सारे नियम ही पाण्यावरची रेघच राहील: ओढली जाते न जाते तोच पुसली जाणारी.